तो बाप गेला कुठं?

आज जरा उलटंच काम आहे. रेडिओवर नुसता आवाज असतो, चित्र दिसत नाही. आणि आज ज्या सिनेमाबद्दल बोलायचं आहे त्यात नुसती चित्रं आहेत, बोलणं एका शब्दाचंही नाही. म्हणजे चित्र आम्ही तुम्हाला बोलून दाखवायचं. तव्यावर भाकर असेल तर आधी उलटवून घ्या, आम्हाला घाई नाही.

आम्ही म्हणजे घाटावरच्या काही गावांत बचत गटांचं काम पाहणाऱ्या तिघी जणी. महिन्याची बैठक, बचत, कर्जाची परतफेड, ठरावाची वही, बँकेच्या चकरा, हे आमचं रोजचं. सिनेमा दाखवणं त्यात कुठंच बसत नाही. पण एका प्रशिक्षणात आम्हाला एक छोटी फिल्म दाखवली होती आणि ती डोक्यातून जाईना. सोयाबीन घरात आलं, बायांना जरा उसंत मिळाली, तेव्हा ठरवलं की बैठक आटोपली की गावागावांत ही दाखवायची. चार गावांत दाखवली. बायांनी त्यात काय पाहिलं, आमचं कुठं चुकलं, आणि न बोलणारा सिनेमा पाहून माणसं बोलती का होतात, ते आज सांगतो.

आधी फिल्म सांगू. तिचं नाव 'फादर अँड डॉटर', म्हणजे बाप आणि लेक. नेदरलँड्स देशातल्या मायकेल द्युडोक द वीट यांनी ती केली, २००० साली आली, आणि २००१ साली तिला ऑस्कर मिळालं. आहे आठ-साडेआठ मिनिटांची. खऱ्या माणसांचा सिनेमा नाही, काढलेल्या चित्रांचा. आपण त्याला कार्टून म्हणतो. पण रंगीबेरंगी, उड्या मारणारं कार्टून डोळ्यांपुढं आणू नका. कोळशानं रेघोट्या ओढाव्यात तशी चित्रं, रंग मातकट. माणसांचे चेहरे तर जवळून दिसतच नाहीत, सावल्यांसारखी माणसं आहेत.

एक बाप आणि त्याची छोटी मुलगी, दोघं आपापल्या सायकलीवर बांधावरच्या रस्त्यानं येतात. बांधाच्या खाली पाणी. काठाला एक लहान होडी. बाप सायकल लावतो, मुलीला जवळ घेतो, खाली उतरू लागतो. मग परत वर पळत येतो, तिला उचलून छातीशी धरतो. मग जातो. होडी वल्हवत लांब लांब, दिसेनासा होईपर्यंत. मुलगी काठावर इकडून तिकडे फिरत राहते. अंधार पडायला लागतो तशी घरी जाते.

पुढं तीच जागा पुन्हा पुन्हा. मुलगी येते, थांबते, पाण्याकडं पाहते, जाते. कधी समोरून वारा, पायडल मारवत नाही. कधी पाऊस. ती मोठी होते. मैत्रिणींबरोबर येते. मग एका तरुणाच्या मागं सायकलीवर बसून येते. मग नवरा, मुलं. दर वेळी त्या जागी तिची नजर पाण्याकडं जाते. शेवटी म्हातारी होते, एकटीच येते. सायकल उभी करते तर ती पडते. परत उभी करते, परत पडते. शेवटी राहू दे म्हणते आणि खाली उतरते. आता तिथं पाणी नाही, नुसतं उंच गवत. त्या गवतात ती चालत जाते आणि तिला मातीत अर्धी बुडालेली ती होडी सापडते. होडीत ती अंग मुडपून झोपते. मग उठते, चालायला लागते, पळायला लागते, आणि पळता पळता तरणी होत जाते. समोर बाप उभा.

संपली फिल्म. तो का गेला, कुठं गेला, कुणी सांगत नाही. मागं फक्त बाजाच्या पेटीसारख्या वाद्यावर एक चाल वाजत असते. पेटी आपली असते तशी नाही, गळ्यात अडकवून भात्यासारखी दोन्ही हातांनी ओढायची असते ती.

पहिल्या गावात समाजमंदिराच्या भिंतीवर चादर बांधली. प्रोजेक्टर उसना आणलेला. फिल्म सुरू झाली आणि दोन मिनिटांत मागून आवाज, "ताई, बोलणं काहून येत नाही? तार सुटली काय?" एक पोरगा उठून स्पीकरची वायर हलवायलाही लागला. त्याला खाली बसवलं. तोपर्यंत पुढच्या रांगेतली एक काकू म्हणाली, "हे तर लेकराईचं हाये," आणि शेजारणीशी गॅसच्या सबसिडीचं बोलायला लागली. आम्हाला वाटलं, झालं, फसला आपला बेत. पण बाप पळत वर आला, मुलीला उचललं, तिथं ती काकूही गप्प झाली. पुढची पाच-सहा मिनिटं पोरं सोडता कुणी हललं नाही.

दिवे लावले. आम्ही काही बोलायच्या आतच एक आजी म्हणाली, "तो गेला कुठी?"

आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. "मेला तो. ती होडी नाही माय, तिरडी हाये." "मेला काहून? गेला असन पुण्याले कंपनीत. तिकडंच राह्यला." "दुसरी केली असन त्यानं." यावर सगळ्या हसल्या, आणि एक जण हसली नाही, ते आम्ही पाहिलं. ऊसतोडीला जाऊन आलेली एक जण म्हणाली की तिची आई-बाप तिला आजीपाशी ठेवून सहा-सहा महिने जात, आणि गाडी निघताना आई अशीच दोनदा खाली उतरायची. दहावीतली एक पोरगी आली होती, मानव विकासच्या सायकलीवर शाळेत जाते ती. ती म्हणाली, "बाप नाही आला, पण तिनं सायकल नाही सोडली." तिचं लक्ष सायकलीवर होतं, आणि ते बरोबरच होतं, कारण त्या सगळ्या फिल्मभर सायकलच तर फिरत असते.

पण आमचे डोळे उघडले ते एका प्रश्नानं. मधल्या वयाची, चार म्हशी सांभाळणारी एक जण, बैठकीत फक्त सही करण्यापुरतं तोंड उघडणारी. ती म्हणाली, "हे सगळं ठीक हाये. पण हिची माय कुठी हाये? बाप गेला तं पोरगी काय झाडावर वाढली?"

आम्ही ती फिल्म तोवर पाच-सहा वेळा पाहिली होती. आई कुठंच नाही, हे आमच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं. जो गेला त्याच्याकडं सगळे पाहत होतो. जिनं त्या पोरीला जेवू घातलं, वेणी घातली, अंधार पडल्यावर जिच्या घरी ती परतत होती, ती चित्रातच नाही. त्या गटात आठ विधवा आणि तीन सोडलेल्या बाया आहेत. त्यांना ते पहिल्याच फेरीत दिसलं.

आता हे असं का होतं? चित्र एकच, चादर एकच, आणि प्रत्येकीला वेगळं कसं दिसतं? यावर फार पूर्वी एक प्रयोग झालेला आहे, आणि तोही बायांवरच. १९४४ साली अमेरिकेत फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक अगदी छोटी चित्रफीत केली, दोन-अडीच मिनिटांची. तीत माणूस नाही, जनावर नाही. एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक छोटा गोल, आणि एक चौकोन, ज्याची एक बाजू दारासारखी उघडते. हे आकार इकडून तिकडं सरकतात, चौकोनात जातात, बाहेर येतात. बोलणं नाही, काही नाही. ही फीत त्यांनी मुलींच्या कॉलेजातल्या विद्यार्थिनींना दाखवली आणि काय घडलं ते लिहायला सांगितलं. पहिल्या गटात ३४ जणी होत्या. त्यांच्यापैकी फक्त एकीनं लिहिलं की त्रिकोण इकडं सरकला, गोल तिकडं सरकला. बाकीच्यांनी गोष्टच लिहिली. मोठा त्रिकोण दांडगट आहे, छोट्याला मारतोय, गोल घाबरून घरात लपली, मग ती दोघं मिळून पळाली.

आम्ही तशीच फीत मोबाइलवर दुसऱ्या एका बैठकीत दाखवली. अर्ध्या मिनिटात एकीनं सांगितलं, "हा मोठा म्हणजे सासरा." दुसरी म्हणाली, "सासरा नाही, दारू पिऊन आलेला नवरा हाये तो. पाय कसा दार ढकलते." आणि ती त्रिकोणाकडं बोट दाखवत होती! त्रिकोणाला कुठं आला पाय, कुठं आली दारू. पण दार तसं ढकललेलं तिनं पाहिलेलं आहे.

माणसाचं मनच असं आहे. हलणारं काही दिसलं की त्यामागं हेतू शोधतं. शब्द असले की ते शब्दच आपल्याला सांगतात की हा अमका, त्याचं तमकं झालं. मग शोधायला काही उरत नाही. शब्द काढून घेतले की ती रिकामी जागा पाहणारी स्वतःच्या घरातून भरते. म्हणून पुण्याला गेलेला भाऊ, ऊसतोडीला गेलेली आई, सगळे त्या एका होडीत बसून गेले.

पण एक गोष्ट इथं नीट समजून घ्यायला पाहिजे, नाहीतर वाटेल की बिनबोलण्याच्या सिनेमात वाट्टेल ते पाहता येतं. तसं नाही. त्या त्रिकोणाच्या फितीतही मोठा त्रिकोण दांडगट आहे हे बहुतेक सगळ्यांनाच वाटलं. आमच्या चारही गावांत एकीनंही असं म्हटलं नाही की त्या बापाचं लेकीवर प्रेम नव्हतं. ती वाट पाहते आहे यावरही वाद झाला नाही. हे करणाऱ्यानं पक्कं करून ठेवलेलं आहे. बाप परत वर पळत येतो ना, ते उगाच नाही. तेवढं केलं नसतं तर आपल्या बायांनी त्याला शिव्या घातल्या असत्या. उघडं ठेवलंय ते एकच दार, तो का गेला. घर बांधताना गवंडी कुठं भिंत घ्यायची, कुठं खिडकी ठेवायची हे ठरवतो, तसंच हे ठरवलेलं असतं.

आणि मेहनत म्हणाल तर विचारू नका. आपण गटातल्या बाया हिशेबाच्या, म्हणून हिशेबच मांडतो. सिनेमात एका सेकंदाला २४ चौकटी डोळ्यांपुढून जातात. एक चित्र दोन चौकटींना पुरवलं तरी सेकंदाला १२ चित्रं. आठ मिनिटं म्हणजे ४८० सेकंद. गुणाकार करा, ५,७६० होतात. रोज दारात वेगळी रांगोळी काढायची म्हटली तरी तेवढ्याला पंधरा वर्षांवर लागतील.

आता आमची चूक सांगतो. पहिल्या गावात इतकं चांगलं झालं म्हणून आम्ही हुरळलो. दुसऱ्या गावात आमच्यातली एक जण आधी उभी राहिली आणि पाच मिनिटं भाषण केलं. ही फिल्म वडील आणि मुलीच्या नात्यावर आहे, होडी हे मृत्यूचं प्रतीक आहे, शेवटी मुलगी मरून वडिलांना भेटते, तर सर्वांनी शांतपणे पाहावी. पाहिली त्यांनी शांतपणे. दिवे लागल्यावर विचारलं, कसं वाटलं? "छान आहे." अजून? "चांगला बोध आहे." झालं, सगळ्या पदर सावरून घरी गेल्या. बोलण्यासारखं सगळं आम्हीच बोलून टाकलं होतं. त्यांनी काय, परीक्षेत विचारल्यासारखं उत्तर दिलं. खरं तर आमच्या पुष्कळ बैठकांमध्ये हेच होतं, फक्त एरवी ते इतकं उघड दिसत नाही.

तिसऱ्या गावाचं सांगायला आम्हाला अजून जड जातं. गावाचं नाव सांगत नाही, आणि ज्या ताईबद्दल सांगतोय तिला विचारूनच सांगतोय.

आपल्या जिल्ह्याचं दुखणं तुम्हाला माहीत आहे. २००६ साली केंद्र सरकारनं शेतकरी आत्महत्यांमुळं विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्या सहांत आपला बुलढाणा होता. त्याला आता किती वर्षं झाली. पॅकेज आलं, गेलं. घरं राहिली. गटांच्या याद्या आम्ही लिहितो, त्यात 'विधवा' असा एक रकाना असतो. तिथं आम्ही बरोबरची खूण करतो आणि पुढं जातो. नवरा कशानं गेला हे त्या रकान्यात नसतं. आणि आम्ही बापाच्या जाण्याची फिल्म घेऊन, कुणाला काही न विचारता, अशा गावात गेलो.

ती ताई आली होती आणि सोबत तिची आठवीतली मुलगी. बाप होडीत बसला आणि ती मुलगी उठून बाहेर गेली. अंधारात आमच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा फिल्म संपली होती, आणि ताई जागची हलली नव्हती. कुणीच बोलत नव्हतं. या गावात तो "गेला कुठी" कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

मग ती ताईच बोलली. चादरीकडं पाहत बोलली. "तो परत तरी आला वर. पोरीले उचललं त्यानं. आमचे पाठमोरेच गेले."

दहा वर्षांचा गट आहे तो. दर महिन्याला या बाया मांडीला मांडी लावून बसतात. त्या दिवसापर्यंत हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. आम्हीही नाही. कर्ज किती होतं, कुणाच्या नावावर होतं, मदतीचं प्रकरण पात्र झालं की अपात्र, हे सगळं आम्हाला तोंडपाठ. ती एका सकाळी दारात उभी होती आणि नवरा शेताकडं गेला आणि त्यानं वळून पाहिलं नाही, हे नव्हतं माहीत.

तेवढ्यात मागून एक वयस्कर काकू कडाडली, "मेल्याचं उकरून काय भेटते तुम्हाले? गट पैशासाठी हाये. हे कायले दाखवता?"

आम्ही गप्प. खरं सांगतो, त्या काकूचं चुकलं असं आम्हाला आजही म्हणवत नाही. जखम उघडी करायला एक चादर आणि उसना प्रोजेक्टर पुरला. नंतर काय करायचं याची आमची काहीच तयारी नव्हती. ताईच्या शेजारी बसलेलीनं तिचा हात धरला, तेवढंच काय ते झालं. आमच्यातली एक बाहेर गेली. मुलगी हापशावर तोंड धूत होती. तिला घरी सांगितलेलं होतं की बाबा हार्टनं गेले. तिला शाळेत पोरांनी केव्हाच सांगितलं होतं. आई लपवते हे मुलीला माहीत, मुलीला कळलंय हे आईला माहीत नाही, आणि दोघी एका खोलीत झोपतात. अशी तीन वर्षं.

दुसऱ्या दिवशी आशाताईला बरोबर घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. फारसं काही बोलणं झालं नाही. मुलगी कुट्टी करत होती. निघताना आम्ही १४४१६ हा नंबर लिहून दिला. तुम्हीही लिहून घ्या, एक चार चार एक सहा. हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे. मन फार जड झालं, झोप उडाली, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर तिथं फुकट बोलता येतं, मराठीत बोलता येतं, दिवसा-रात्री केव्हाही. आपल्यासाठीच असं नाही, घरात कुणी गप्प गप्प राहत असेल तर त्याच्यासाठीही.

महिन्याभरानं बैठकीला ताई आली. वही लिहून झाल्यावर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाली की एका रात्री लाइट गेली होती तेव्हा मुलीनंच विषय काढला. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "आता तिच्यापुढं उगा खोटं धरून बसावं नाही लागत."

यानंतर चौथ्या गावात जायचं की नाही यावर आमच्यात भांडण झालं. एकीचं म्हणणं, बंद करू, हे आपलं काम नाही. शेवटी गेलो, पण पद्धत बदलून. आधी गटाच्या अध्यक्ष आणि सचिव ताईंना फिल्म मोबाइलवर दाखवली आणि विचारलं, गावात कुणाला जड जाईल? त्यांनी दोन नावं सांगितली. त्या दोघींना आधीच घरी जाऊन सांगितलं की अशी अशी फिल्म आहे, यायचं तर या, मधून उठून गेलात तरी चालेल. एक आली, एक नाही आली. आशाताई आली होती. दार लोटून घेतलं, कडी लावली नाही, म्हणजे कुणाला बाहेर जायचं तर सगळ्यांदेखत कडी काढावी लागू नये. सुरुवातीला फक्त एवढंच सांगितलं की आठ मिनिटांची आहे, यात बोलणं नाही, तार सुटलेली नाही. आणि संपल्यावर आम्ही बोललो नाही. ते सगळ्यात अवघड गेलं. शांतता झाली की आपल्याला वाटतं आपणच काहीतरी बोलावं. मनात वीसपर्यंत मोजायचं असं आम्ही ठरवलं होतं. चौदाला एक जण बोलली.

तिथं गंमत अशी झाली की बापावर कुणी बोललंच नाही फारसं. तिथल्या बाया अडकल्या त्या पाण्यावर. "एवढं पाणी गेलं कुठी?" आपल्याकडं धरण आटलं की गाळात जुन्या विहिरी, देवळाचे कळस उघडे पडतात, तसंच ते, असं एकीचं म्हणणं. दुसरी म्हणाली, दुष्काळच दाखवलाय. आम्ही सांगितलं की नेदरलँड्समध्ये समुद्राला बांध घालून पाणी मागं हटवतात आणि जमीन काढतात. १९३२ साली तर त्यांनी समुद्राच्या एका मोठ्या भागालाच बांध घालून तो तोडून टाकला आणि पुढं त्यातून शेती काढली. हे ऐकून सगळ्यांना तो सिनेमा सोडून त्या बांधात जास्त रस वाटला. एकरी काय पिकतं, मीठ नाही का राहत मातीत, असले प्रश्न. मीठ राहतं, आधी धुऊन काढावं लागतं, एवढं आम्हाला सांगता आलं. चर्चा भरकटली म्हणायची का? आम्ही नाही म्हणत. ज्या गावात दोन वर्षं टँकर आला त्या गावाला पाणी आधी दिसणारच.

आणि म्हाताऱ्या आज्यांना सगळीकडं एकच जागा आवडली, ती सायकल पडते ती. चारही गावांत तिथं हसू फुटलं, आणि हसल्या त्या म्हाताऱ्याच. "माही काठी अशीच पडते," एक आजी म्हणाली. तिनं तेवढाच तुकडा परत लावायला लावला.

आता तुम्ही म्हणाल की हे परदेशातलं, आपल्याकडं असं काही आहे का? आहे ना. गीतांजली राव या मुंबईच्या चित्रकार, जे. जे. मध्ये शिकलेल्या. त्यांची 'प्रिंटेड रेनबो' ही पंधरा मिनिटांची फिल्म २००६ साली आली. तीतही बोलणं नाही. शहरातल्या एका खोलीत एकटी राहणारी म्हातारी आणि तिची मांजर. म्हातारीपाशी आगपेट्यांचा साठा आहे. घरातलं सगळं करडं, उदास. पण आगपेटीवरच्या चित्रात ती शिरली की रंगच रंग. ही सगळी फिल्म त्यांनी एकटीनं हातानं रंगवली, तीन वर्षं लागली. मघाचाच हिशेब लावा, पंधरा मिनिटांना १०,८०० होतात. फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात तिला तीन बक्षिसं मिळाली. आगपेटीचं आणखी एक सांगतो. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली आगकाड्या हलवून हलवून एक छोटा चित्रपट केला होता, 'आगकाड्यांची मौज'. म्हणजे बोलणं नसलेली हलती चित्रं आपल्याकडं शंभर वर्षांपासून आहेत.

ही म्हातारीची फिल्म आम्ही एकाच गावात दाखवली आहे, त्यामुळं फार काही सांगण्याचा हक्क नाही. तरण्या पोरींना कंटाळा आला, हे कबूल केलं पाहिजे. "यात काही होतच नाही," म्हणाल्या. सासवा मात्र रमल्या. घोडा छाप, जहाज छाप, कुणाच्या चुलीशी कुठली आगपेटी असायची याची उजळणी झाली. मग एकीनं सांगितलं की तिच्या पेटीत आईच्या हातच्या गोधडीचा एक तुकडा आहे, कुणाला माहीत नाही. तिची सून शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "आत्याबाई, मले माहीत हाये. उन्हाळ्यात मीच ऊन दाखवते त्याले."

तुमच्या गावात दाखवायची असेल तर मोठं काही लागत नाही. फिल्म मोबाइलवर आधी नीट उतरवून घ्या, ऐन वेळी रेंज नसते. प्रोजेक्टर नसला तर आठ-दहा जणी मिळून टॅबवरही पाहता येते. दिवसा नको, सगळी कामं उरकल्यावर. बैठक आणि हिशेब आधी संपवा, वही मिटून पिशवीत ठेवा, कारण वही समोर असली की बाया आपल्याकडं बघून बोलतात. संपल्यावर बोध विचारू नका. "काय दिसलं?" एवढं पुरतं.

तिसऱ्या गावातल्या त्या मुलीनं फिल्म मागितली होती. पेन ड्राइव्हवर देऊन आलो. परवा ताईचा फोन आला, दुसऱ्याच कामाचा, कर्जाच्या हप्त्याचा. ठेवता ठेवता म्हणाली की पोरगी ती फिल्म लावते अधूनमधून, पण शेवट नाही पाहत. म्हातारी सायकल सोडून खाली उतरते तिथं बंद करते.

आम्ही विचारलं, का?

"मी नाही विचारलं," ताई म्हणाली. "सांगन तिले वाटलं तं."